देवस्थळी काकूंचा डबा

मोहने, १३ मे

प्रशांत,

फोन उचलत नाहीस ना? नको उचलूस. डबे तर उचलशील. म्हणून ही चिठ्ठी क्रेटमध्ये, वरच्याच डब्यावर ठेवतेय. नाथाला सांगितलंय, दादाच्या हातातच द्यायची. टेम्पो चालवणाऱ्या माणसाला आपल्या घरची भांडणं ने-आण करायला लावायची म्हणजे लाजच आहे. पण सख्ख्या बहिणीचा नंबर ब्लॉक करताना तुला नाही वाटली, मग मी एकटीनेच किती लाजायचं?

काल संध्याकाळी तू जे ओरडलास त्यातलं मला अर्धंच कळलं. मुद्दाम केलंस, जळतेस माझ्यावर, चार वर्षांचा धंदा एका दिवसात मातीत घातलास. काय केलं रे मी? बुद्धपौर्णिमा होती, खीर केली. आई असती तर तिनेही केली असती आणि गल्लीत घरोघर नेऊन दिली असती. मी गल्लीत दिली आणि तुझ्या गिऱ्हाइकांच्या डब्यातही घातली. त्यासाठी मुद्दाम जास्त दूध घेतलेलं. इतकी माणसं रोज माझ्या हातचं जेवतात, त्यांचं सणाला तोंड गोड करू नये? करिश्माने रंगीत कागदाचे तुकडे कापले, छोट्या डब्यांच्या झाकणांवर चिकटवले आणि तिच्या त्या गोल अक्षरात लिहिलं, 'बुद्धपौर्णिमेच्या मंगलकामना. कांता ओव्हाळ, मोहने.' जाईबाई बोलली पण, "कांते, तुझं नाव छापून आल्यासारखं वाटतंय गं." आम्ही तिघी हसत होतो. हे आमचं कारस्थान.

मग ओरडता ओरडता तू मध्येच बोललास, "देवस्थळी काकूंचं नाव घालवलंस." मी विचारलं, कोण देवस्थळी? आणि फोन कट.

आज सकाळी नाथाला धरलं. बिचारा सांगतच नव्हता. मी म्हटलं, चहा मिळणार नाही. तेव्हा कुठे त्याने सीटखालून एक पिशवी काढून दिली. माझे डबे इथून बोडके का जातात ते मला त्या पिशवीवरून समजलं. 'ताई, तू काही चिकटवू नकोस, पॅकिंग माझ्याकडे.' पॅकिंग म्हणजे ठाण्याला खोपटच्या गाळ्यात बसून हे! वर नऊवारी नेसलेल्या, नथ घातलेल्या गोऱ्यापान बाईचं चित्र. खाली 'डोंबिवलीच्या देवस्थळी काकूंचा डबा. तीन पिढ्यांची परंपरा.'

तीन पिढ्या! आपल्या तीन पिढ्यांपैकी किती जणींना दुसऱ्याच्या ओट्याला हात लावू दिला असता, ते माहीत आहे ना तुला? की घोडबंदर रोडला फ्लॅट घेतल्यावर तेही विसरलास?

कोण आहे ही बाई? कुठे राहते? माझ्या दोन्ही हातांवर तेलाचे चटके आहेत आणि तिच्या हातात नुसत्या हिरव्या बांगड्या. मला तिला भेटायचंय. कांदा कुठल्या सुरीने चिरते ते तरी विचारीन.

आज फरसबी, वरण, भात आणि चपात्या. तू त्यांना पोळ्या म्हणून विकतोस, तेही आज कळलं.

ताई

मोहने, १६ मे

प्रशांत,

तुझा निरोप नाथाच्या मोबाईलवर ऐकला, टेम्पोला टेकून. जाईबाईने पण ऐकला. मी तिला जा म्हटलं नाही, तिलाही कळू दे आपण कुणासाठी राबतो.

काय गोड आवाज काढलायस रे! 'ताई, धंदा आहे हा. तिकडे टॉवरमध्ये घरोघर सासवा आहेत, देवघरं आहेत. डबा कुणाकडचा, पहिला प्रश्न तोच. ओव्हाळ नाव लावलं असतं तर पहिल्याच महिन्यात शटर खाली. मी कुणाला फसवत नाही, जेवण तर चांगलंच देतो ना.'

जेवण चांगलं आहे, तर नाव का वाईट? हे मला एकदा समजावून सांग. तू शिकलेला आहेस, मार्केटिंगचा कोर्स केलायस.

डोंबिवलीला पोळीभाजी केंद्रात मी किती वर्षं पोळ्या लाटल्या तुला माहीत आहे. तिथल्या मालकीणबाई एक नंबरच्या खडूस होत्या. पण पहिल्या दिवशी त्यांनी माझं पूर्ण नाव विचारलं, मी सांगितलं, त्या एवढंच म्हणाल्या, "पोळी पातळ हवी, कडा जाड राहता कामा नये." गोडा मसाला मला त्यांनी ओरडून ओरडून शिकवला. त्या माझ्या कोण होत्या? कुणीच नाही. आणि तू तर आईच्या पोटचा आहेस. मी तुला वाढवलं, शाळेत सोडायला गेले, आई कामावर असताना तुझं सगळं केलं, हे मी काढणार नाही. बघ, काढलं का? नाही काढलं.

आता तुझ्या निरोपातला दुसरा भाग. तो ऐकून जाईबाई खालीच बसली.

खिरीवरून सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा सुरू झाली. कोणी रचना मॅडम आहेत, त्या म्हणाल्या आम्हाला किचन बघायचंय. म्हणून येत्या रविवारी तू त्यांना इथे आणणार. डोंबिवलीहून एक बाई येणार, नाटकात छोटी कामं करते, ती देवस्थळी काकू होणार. ओट्यावरचे बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो मी काढून ठेवायचे, तिथे अन्नपूर्णेचं कॅलेंडर लावायचं. आणि मी काय? मी काकूंच्या हाताखालची बाई. माझ्या घरात, माझ्या ओट्यापाशी. हे सगळं तू एका दमात बोललास आणि तुझा आवाज जरासुद्धा हलला नाही.

नाही. ऐकलंस? नाही. कंपनीच्या पहिल्या पगारातून बाबांनी त्या दोन फ्रेम करून आणल्या. कंपनी बंद पडली, बाबा गेले, आई गेली, ते फोटो तिथेच आहेत. मी हात लावणार नाही आणि तुलाही लावू देणार नाही. तुझ्या काकूंना म्हणावं, स्वतःच्या घरी पाहुणे बोलवा. घर असलं तर.

ताई

मोहने, २१ मे

प्रशांत,

सोमवारपासून टेम्पो आला नाही. काल नाथा दुसऱ्या कुणाचा माल टाकून परत जाताना थांबला, मान खाली घालून सांगितलं, "दादांनी माजिवड्याला किचन बघितलंय. थोडे दिवस डबे तिकडून." छान केलंस. घे तिकडून. मला काही फरक पडत नाही. काल दुपारी मी मस्त झोपले.

जाईबाई मात्र रोज येते. घासलेली कढई पुन्हा घासते. मी म्हटलं, घरी जा गं, तर म्हणते घरी काय आहे, नवरा आहे आणि त्याच्या पायाचं प्लास्टर आहे. करिश्मा काहीच विचारत नाही. तिला नर्सिंगला ॲडमिशन घ्यायचीय, ते माझ्याकडच्या पगाराच्या भरवशावर ठरवलेलं. ती नुसती दारात उभी राहून रस्त्याकडे बघते. मी तिला म्हटलं, काळजी करू नकोस, प्रशांत माझ्या शब्दाबाहेर नाही. तर फिसकन हसली. हसण्यासारखं काय होतं त्यात?

सकाळी विहाराच्या कमिटीचे बाबुराव भेटले. "कांता, पौर्णिमेची खीर झकास होती. पण हल्ली तुझ्या घरून फोडणीचा वास येत नाही तो?" मी सांगितलं, सुट्टी घेतलीय. म्हातारा माझ्याकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "घे, घे. आराम कर." मला त्यांच्या तोंडावर दार आपटावंसं वाटलं. त्यांचा काही दोष नव्हता.

तुला हेच हवं होतं ना? मी वाकलेली बघायची होती? माझ्याशी भांडायचं सोडून तू या दोघींच्या पोटावर पाय दिलास. आणि तुला पक्कं माहीत होतं की हे लागू पडेल, कारण तू मला ओळखतोस. तुझी तीच गोष्ट मला सगळ्यात जास्त घाण वाटते.

ये. रविवारी घेऊन ये तुझ्या मॅडमना आणि तुझ्या काकूंना पण. फोटो मी काढीन. मीच, दुसऱ्या कुणाचा हात लागायला नको. अन्नपूर्णा बिन्नपूर्णा काही आणायचं नाही, मोकळी भिंत बघू देत. एक दिवस. त्यानंतर माझ्याकडे काही मागायला येऊ नकोस, आणि मी हे तुझ्यासाठी केलं असं अमृतालाही सांगू नकोस. तुझी बायको साधी आहे, तिला खरं वाटेल.

ताई

मोहने, २६ मे

प्रशांत,

झालं मनासारखं?

तुझ्या काकूंबद्दल मला राग नाही, खरंच नाही. बाई चांगली होती. तिची नथ चापाची होती आणि सारखी घसरत होती. आल्या आल्या तिने कढईवरचं झाकण उचलून वास घेतला, माझ्या कानात म्हणाली, "ताई, मला जाताना थोडी आमटी द्याल का?" पण बिचारीला मिठाचा डबा सापडेना. रचना मॅडमनी विचारलं, "काकू, आमटीत गूळ तुम्ही आधी घालता की नंतर?" काकू माझ्याकडे बघायला लागल्या. मी भांडी पुसता पुसता पुटपुटले, डाळ उकळल्यावर, चिंचेनंतर. काकू मोठ्याने म्हणाल्या, "डाळ उकळल्यावर, चिंचेनंतर." मॅडमबरोबरच्या दोघी म्हणाल्या, वा! हे असंच चाललं. मसाला कुठल्या महिन्यात करता, कुळीथ कुठून आणता, पोळ्या इतक्या मऊ कशा राहतात. मी मागून बोलायचं, त्यांनी पुढून बोलायचं. करिश्मा मोरीत गेली आणि तिथे हसली की रडली ते मला माहीत नाही.

मी हेही गिळलं असतं.

मग तू त्या तिघींना खुर्च्या दिल्यास. पंखा त्यांच्याकडे वळवलास. आणि माझ्याकडे न बघता म्हणालास, "कांता, पाणी दे."

कांता.

तू बोलायला लागल्यापासून मला ताई म्हणतोस. भांडताना ताई, उसने मागताना ताई, परवा मला जळकी म्हणालास तेव्हाही ताईच. मला नावाने हाक मारायची हिंमत आईबाबांशिवाय घरच्या कुणाची झाली नव्हती. आणि तू पंख्याची दिशा बदलता बदलता ती मारलीस, जीभ पण अडखळली नाही. जाईबाईच्या हातातून पळी पडली. तू तिच्याकडेच रागाने बघितलंस.

आणि मी पाणी दिलं. ट्रे घेऊन, एकेकीसमोर वाकून. तुलाही दिलं. तू घेतलंस.

तेव्हाच त्या रचना मॅडम भिंतीकडे बघत होत्या. मला आधी सुचलं नव्हतं रे, नाहीतर मी काही तरी लावलं असतं. इतक्या वर्षांच्या फोडण्यांचा धूर त्या भिंतीला बसलाय, सगळी काळपट पिवळी झालीय. फोटो काढले तर खाली बाबांनी दिलेला निळा रंग जसाच्या तसा. दोन स्वच्छ चौकोन, शेजारी शेजारी. शनिवारी ते बघून मीच चरकले होते. मॅडमनी विचारलं, "इथे काय होतं?"

तू म्हणालास, "कॅलेंडर."

"दोन?"

"हो. एक मराठी, एक इंग्लिश."

मला वाटलं आता जमीन दुभंगेल, आणि तू काय केलंस तर हसलास. तुझ्या कॉलेजच्या इंटरव्ह्यूच्या आधी मी तुला आरशासमोर हसायला शिकवलेलं, तेच हसू.

त्या गेल्यावर तू मागे वळून मला अंगठा दाखवलास, सगळं फर्स्ट क्लास झालं म्हणून. माझ्याशी बोललासही नाहीस. त्यांची गाडी घाणेरड्या गटारापाशी अडेल याची तुला काळजी होती.

संध्याकाळी फोटो लावायला खुर्चीवर चढले आणि तशीच उतरले. ते आईच्या पांढऱ्या पातळात गुंडाळून कपाटावर ठेवलेत. हात पुढे होत नाही. मला माझी किळस येतेय, आणि तुझी माझ्याहून जास्त येतेय.

कांता. घे, हेच हवं ना तुला.

मोहने, ३ जून

प्रशांत,

आठवडाभर डबे पाठवले, एक शब्द लिहिला नाही. तू वाढीव ऑर्डर पाठवलीस, वर नाथाबरोबर मला साडी पाठवलीस. साडी जाईबाईला दिली.

काल दुपारी फोन आला. "कांताताई बोलताय का?" रचना मॅडम. माझा नंबर त्यांनी नाथाकडून घेतला. आता तो फोन तुला जसाच्या तसा सांगते, बसून वाच.

त्या म्हणाल्या, "ताई, त्या भिंतीवर फोटो होते ना? कुणाचे ते मला साधारण कळलं. खिरीच्या झाकणावरचं नाव मी वाचलेलं. आणि त्या तुमच्या काकूंना मीठ सापडत नव्हतं हो, आम्ही काय इतक्या भोळ्या आहोत? स्वयंपाक तुमचाच, ते आम्हाला तिथेच समजलं."

मी गॅस बंद केला.

"मग तुमच्या त्या प्रशांतना मध्ये ठेवायचं कशाला? आम्ही थेट तुमच्याकडूनच घेऊ. फक्त पिशवी तीच राहू द्या. घरात सासूबाई आहेत, जुनं माणूस, उगाच कशाला दुखवायचं? आम्हाला स्वतःला काहीच प्रॉब्लेम नाही हं."

एक मिनिट माझ्या मनात आलं, हो म्हणावं. सगळी सोसायटी माझ्याकडे, तू खोपटच्या गाळ्यात पिशव्या मोजत बसलेला. खोटं कशाला बोलू, गोड वाटलं. जाईबाईचा नवरा, करिश्माची ॲडमिशन, सगळं डोळ्यासमोरून गेलं.

मग मी म्हटलं, "मॅडम, प्रॉब्लेम तुम्हाला नाही, तुमच्या सासूबाईंना आहे. माझ्या भावाला सासूबाईंच्या प्रॉब्लेमचा प्रॉब्लेम आहे. मग तो सगळा मीच का डोक्यावर घ्यायचा? डबा हवा तर झाकणावर माझं नाव असेल. चव तीच, भाव तोच."

त्या म्हणाल्या, "ग्रुपवर विचारून सांगते."

कळलं का रे तुला काही? त्यांना माहीत होतं! ज्यांच्यापासून तू लपवत होतास त्यांना तू लपवतोयस हेसुद्धा माहीत होतं. मग त्या रविवारी तू मला मोलकरीण केलंस ते कुणासाठी? ते फोटो मी खाली उतरवले ते कुणासाठी? त्या तिघी मनात हसत होत्या आणि तू पंखा वळवत होतास. फुकट गेलं सगळं, प्रशांत. तुला त्यातून चार पैशांचं सुख तरी मिळालं असतं तर मी म्हटलं असतं, जाऊ दे, माझ्या भावाचं भलं झालं. तेही नाही.

आज सकाळी करिश्मा खुर्चीवर चढली, मी खालून फोटो दिले. लागले परत. जाईबाईने लांबून सांगितलं, डावा जरा वाकडा आहे.

आजच्या सगळ्या झाकणांवर माझं नाव आहे. पिशवी तुझी, झाकण माझं. नाव खरवडलंस तर उद्यापासून डबा नाही, आणि या वेळी टेम्पो तू नाही, मी थांबवणार.

कांता

मोहने, २३ जून

प्रशांत,

तू खरवडलंसच. नाथाने सांगितलं, गाळ्यात बसून ब्लेडने. म्हणून दुसऱ्या दिवशीपासून डबे बंद केले, त्याचं मला वाईट वाटत नाही.

धंद्याचं विचारत असशील तर ऐक. डबा थेट माझ्याकडून आणि माझ्याच नावाने म्हटल्यावर ग्रुपवरची अर्ध्याहून जास्त माणसं गेली. रचना मॅडम स्वतः गेल्या, परत फोन नाही. पण त्यांच्या सासूबाईंचा आला. होय, त्याच. "ती खीर परत कधी करणार?" मी म्हटलं, आजी, माझं नाव माहीत आहे ना? तर म्हातारी माझ्यावरच डाफरली, "चष्मा आहे मला, झाकण वाचता येतं!" त्यांचा एक डबा सुरू आहे. घरातल्या बाकीच्यांना काय सांगतात ते मी विचारत नाही. असे थोडे राहिले, नाथा जाता जाता टाकतो. बाकी इकडचेच, मोहने, आंबिवली, शहाड. पुरतं असं नाही. जाईबाई अर्धा दिवस येते, करिश्माच्या ॲडमिशनचं अजून लटकलंय. रात्री उठून पुन्हा पुन्हा पैसे मोजते. हे तुला सांगायचं नव्हतं, पण लिहून झालं, आता खोडत नाही.

आणि बोर्ड लावला. दारावर, हातभर अक्षरांत, 'कांता ओव्हाळ यांचा डबा'.

आता कालचं.

तू आलास. मी बोलावलं नव्हतं. मिठाईचा बॉक्स घेऊन दारात उभा, चपला काढू की नको असा. मी पण ये म्हटलं नाही. चेहरा उतरलाय तुझा, दाढी वाढलीय. अमृता ओरडते का जेवणावरून? मी विचारणार होते, विचारलं नाही. तू एवढंच बोललास, "ताई, बोर्ड चांगला झालाय." आणि मी खरंच, शपथेवर सांगते, चहा टाकायला वळले होते.

तेवढ्यात शहाडच्या दवाखान्याचे मॅनेजर आले, ते महेंद्र सर, पेशंटच्या नातेवाइकांसाठी डबे ठरवायला. मोठी ऑर्डर आहे, तिच्यावर या दोघींचं सगळं अवलंबून आहे. त्यांनी बोर्ड वाचला, आत आले, तुझ्याकडे बघून मला विचारलं, "हे कोण?"

माझं वाक्य तयार होतं, प्रशांत. रोज भाजी परतताना मी ते म्हणून बघायचे. 'हा होय? हा क्रेट उचलतो.' तुझ्यासमोर, परक्या माणसाला, पंखा वळवता वळवता. मी तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं तर, "माझा धाकटा भाऊ."

माझाच मला इतका राग आला.

सरांनी हात पुढे केला. "अरे वा. नाव काय आपलं?"

"प्रशांत."

"पुढे?"

मी गॅसपाशी उभी होते. उत्तर माझ्या ओठावर होतं, मी दिलं नाही. तू देशील म्हणून थांबले. जाईबाई थांबली, करिश्मा थांबली. तू त्या मिठाईच्या बॉक्सची दोरी सारखी करत म्हणालास, "प्रशांतच. सगळे प्रशांतच म्हणतात."

सरांनी एकदा बाहेर बोर्डकडे बघितलं, एकदा तुझ्याकडे. मग मला विचारलं, डब्यात भाजी कुठली कुठली असते. मी सांगितली. तू कधी गेलास ते मी बघितलं नाही.

तिकडच्या टॉवरची गोष्ट वेगळी, तिथे तू घाबरतोस, मी शिव्या देऊन का होईना समजून घेतलं असतं. पण इथे कोण होतं रे? बाबांच्या घरात, आपल्या गल्लीत, स्वतःच्या आडनावाच्या बोर्डाखाली तुला कुणाची भीती वाटली? सर स्वतः विहारात येतात, प्रशांत. ऑर्डर पक्की करून जाताना त्यांनी मला जयभीम केला.

मिठाई नाथाबरोबर परत पाठवतेय, उघडलेली नाही.

पुन्हा आलास तर कडी वाजव. मी आतून विचारीन, कोण आहे. पूर्ण नाव सांग, गल्लीला ऐकू जाईल असं. तेवढं जमणार नसेल तर दारावरूनच परत जा, माझं आधण उकळत असतं.

कांता धोंडिबा ओव्हाळ